कोळशावरून माणसांचा अंदाज: रेडिओकार्बन तारखांतून प्रागैतिहासिक लोकसंख्या कशी वाचायची

ज्या काळात कुणी काही लिहून ठेवलं नाही, त्या काळात माणसं वाढली की घटली हे कळणार कसं? सांगाडे थोडे मिळतात, घरांचे अवशेष त्याहून थोडे. चुलीतला कोळसा, जळकं धान्य, खाऊन टाकलेल्या जनावरांची हाडं मात्र पुष्कळ ठिकाणी सापडतात आणि त्यांचं वय कार्बन-१४ वरून काढता येतं. १९८७ मध्ये जॉन रिक या पुरातत्त्वज्ञाने पेरूतल्या, मडकी येण्याआधीच्या काळाचा अभ्यास करताना एक सरळ तर्क मांडला. माणसं जास्त असली तर चुली जास्त पेटणार, कोळसा जास्त उरणार, उत्खननात तो जास्त सापडणार आणि प्रयोगशाळेतून तारखाही जास्त येणार. मग एखाद्या प्रदेशातल्या सगळ्या तारखा काळाच्या रेघेवर मांडल्या, की तारखांची गर्दी तिथे माणसांची गर्दी.

तर्क सरळ आहे म्हणूनच फसवा आहे. या साखळीला तीन ठिकाणी गळती लागते हे रिक यांनीच सांगून ठेवलं होतं: अवशेष तयार होताना, ते जमिनीत टिकताना आणि आपण ते शोधताना. आजच्या सॉफ्टवेअरने आलेख काढायला एक दुपार पुरते. त्यातला कुठला उंचवटा माणसांचा आणि कुठला या गळत्यांचा, हे ओळखण्यात महिने जातात. पुढच्या बहुतेक पायऱ्या त्या ओळखीच्याच आहेत.

आधी एक तारीख नीट वाचा

विलर्ड लिबी यांनी १९४९ मध्ये कार्बन-१४ ने काढलेल्या पहिल्या तारखा जगासमोर आणल्या. १९६० चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याच कामाला मिळालं. झाड किंवा प्राणी जिवंत असेपर्यंत हवेतला आणि अन्नातला कार्बन त्याच्या अंगात येत राहतो. मेल्यावर येणं थांबतं आणि आत असलेला किरणोत्सारी कार्बन-१४ ठरावीक वेगाने कमी होत जातो. किती उरला ते मोजायचं आणि मरण कधी आलं ते काढायचं. साधारण पन्नास हजार वर्षांपलीकडे मोजण्याजोगं काही उरतच नाही.

प्रयोगशाळेच्या अहवालात ‘२४५० ± ३० बीपी’ असं लिहिलेलं असतं. इथे बीपी म्हणजे ‘आजपूर्वी’, पण हे ‘आज’ १९५० सालावर कायमचं गोठवलेलं आहे. शिवाय ही २४५० वर्षं कॅलेंडरची वर्षं नव्हेत. ती लिबींच्या ५५६८ वर्षांच्या अर्धायुष्यावरून (कार्बन-१४ निम्मा व्हायला लागणाऱ्या काळावरून) काढलेली ‘रेडिओकार्बन वर्षं’ आहेत. नंतर अर्धायुष्य ५७३० च्या आसपास असल्याचं ठरलं. तरी जुन्या-नव्या तारखांची तुलना करता यावी म्हणून प्रयोगशाळा अजून ५५६८ च वापरतात. हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाणही प्रत्येक शतकात सारखं नव्हतं. या दोन्हींचा हिशेब कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे रेडिओकार्बन वर्षांची कॅलेंडर वर्षं करताना, होतो. ± ३० हा मोजणीतल्या अनिश्चिततेचा आकडा आहे, आणि त्यापलीकडच्या चुका त्यात धरलेल्या नसतात.

हे पाठ होईपर्यंत पुढे जाऊ नका. कॅलिब्रेट न केलेल्या आणि केलेल्या तारखा एकाच रकान्यात टाकणं ही या कामातली सर्वांत स्वस्त चूक आहे आणि ती जवळजवळ प्रत्येक जण एकदा तरी करतो.

प्रश्न आणि चौकट आखा

‘इथली लोकसंख्या काय होती?’ या प्रश्नाला ही पद्धत उत्तर देऊ शकत नाही. आकडा मिळत नाही, चढउतार मिळतो. म्हणून प्रश्न असा हवा: या प्रदेशात शेती आल्यावर पुढच्या हजार वर्षांत वाढ झाली का? शेजारच्या दोन प्रदेशांचे चढउतार एकाच सुमाराला येतात का?

प्रदेश ठरवताना आजच्या देशांच्या सीमा टाळता आल्या तर टाळा. नदीचं खोरं, किनारपट्टी, डोंगराळ पट्टा अशी नैसर्गिक चौकट बरी. नाइलाज पुष्कळदा होतो, कारण माहितीसंच देशवार असतात आणि उत्खननाचे कायदेही देशवार.

काळाची चौकट आखताना एक खबरदारी घ्या. नाणी, कोरीव लेख किंवा नेमक्या काळाची भांडी सापडू लागली की उत्खनन करणारे कार्बन-१४ वर पैसे घालत नाहीत. युरोपात रोमन काळापाशी आलेख खाली बसताना दिसतो तो बव्हंशी यामुळे. माणसं नाहीशी झाली होती म्हणून नव्हे. तेव्हा तुमच्या प्रदेशात कालमापनाची दुसरी सोय जिथे सुरू होते, त्याच्या बऱ्याच आधी चौकट बंद करा. तारखा गोळा करताना मात्र चौकटीच्या दोन्ही बाजूंना काही शतकं जास्तीची घ्या, नाहीतर कडेला आलेख उगाचच घसरतो.

तारखा गोळा करा आणि निवडून घ्या

तयार माहितीसंच आता बरेच आहेत. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पी-थ्री-के-फोर्टीन-सी’ या जागतिक संचात एक लाख ऐंशी हजारांच्या आसपास तारखा आहेत. पश्चिम युरोपातल्या नवाश्मयुगासाठी ‘युरोइव्हॉल’ आहे, ऑस्ट्रेलियासाठी ‘ऑस्टआर्क’, उत्तर अमेरिकेसाठी कॅनडातला ‘कार्ड’. नवशिक्याने युरोइव्हॉलपासून सुरुवात करावी. का ते पुढे येईल.

प्रत्येक तारखेसाठी निदान इतके रकाने हवेत: प्रयोगशाळेचा क्रमांक, रेडिओकार्बन वय, त्याची ± अनिश्चितता, नमुना कशाचा आहे, स्थळाचं नाव, अक्षांश-रेखांश, आणि शक्य असेल तिथे थर किंवा खड्डा. प्रयोगशाळेचा क्रमांक नसलेली तारीख सरळ बाजूला काढा. तिची शहानिशा करायला काही आधारच नाही.

मग दुहेरी नोंदी. एकदा माझ्या आलेखात एका शतकावर छान टोकदार शिखर आलं होतं आणि मी दोन दिवस त्यावर खूश होतो. तिसऱ्या दिवशी तक्ता क्रमांकानुसार लावून पाहिला, तर एकाच स्थळाच्या सगळ्या तारखा दोनदा आलेल्या. एका संचात प्रयोगशाळेच्या संक्षेपानंतर आडवी रेघ होती, दुसऱ्यात मोकळी जागा. संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे नमुने होते. तेव्हापासून रेघा, मोकळ्या जागा आणि कॅपिटल-स्मॉल अक्षरं एकसारखी केल्याशिवाय मी दोन संच जोडत नाही.

यानंतरच्या कामाला ‘तारखांची स्वच्छता’ म्हणतात आणि ते कंटाळवाणं असलं तरी इथेच निकाल बदलतो. नमुना कशाचा आहे ते बघा. कोळसा जुन्या झाडाच्या गाभ्यातला असेल तर तारीख चूल पेटल्याची येत नाही. झाडाचं ते वलय ज्या वर्षी वाढलं त्या वर्षाची येते, आणि मोठ्या, दीर्घायुषी झाडात हा फरक शतकांचा असू शकतो. याला ‘जुन्या लाकडाचा परिणाम’ म्हणतात. बी, धान्याचा दाणा, कवचफळाची साल, बारीक डहाळी यांचं आयुष्य एखाद-दोन वर्षांचं, म्हणून त्यांच्या तारखा भरवशाच्या.

याने किती फरक पडतो? पूर्व पॉलिनेशियातल्या बेटांवर माणूस कधी पोचला यावर बराच वाद होता. २०११ मध्ये तिथल्या १,४३४ तारखा नमुन्याच्या प्रकारानुसार वेगळ्या काढण्यात आल्या आणि अल्पायुषी वनस्पतींवरच्या तारखाच विश्वासाच्या धरल्या. सोसायटी बेटांवरची पहिली वस्ती इ.स. १०२५ ते ११२० च्या दरम्यान आली, म्हणजे आधीच्या समजुतीपेक्षा चार शतकं अलीकडे. उरलेली दूरदूरची बेटं त्यानंतर इ.स. ११९० ते १२९० या एका लाटेत भरली. तारखा आधीच्याच होत्या, फक्त निवडून घेतल्या, आणि इतिहास आखडला.

शिंपल्यांबाबत वेगळी अडचण आहे. समुद्राच्या पाण्यातला कार्बन हवेतल्यापेक्षा ‘जुना’ असतो, त्यामुळे समुद्री जिवांचं वय सरासरी ४०० वर्षांनी जास्त भरतं आणि जागेनुसार हा आकडा बदलतो. सतत मासे खाणाऱ्या माणसांच्या हाडांतही तो शिरतो. नवख्याने पहिल्या प्रयत्नात सागरी नमुने बाजूला ठेवावेत हे माझं मत. अर्थात किनाऱ्यावरच्या, शिंपल्यांच्या ढिगांवर जगणाऱ्या समाजाचाच अभ्यास असेल तर ही चैन परवडणार नाही. तिथे सागरी कॅलिब्रेशन शिकावंच लागेल.

± चा आकडा फार मोठा असलेल्या जुन्या तारखांचं काय? २०० च्या वर गेलेल्या अनेक जण काढून टाकतात. काढा, पण आधी मोजा. एखाद्या भागातलं सगळं उत्खनन जुनं असेल तर या चाळणीतून तो भागच नाहीसा होतो.

शेवटी किती तारखा पुरेशा? ऑस्ट्रेलियातल्या माहितीवरून २०१२ मध्ये निदान ५०० चा आकडा सुचवला गेला होता आणि तो तेव्हापासून सगळीकडे उद्धृत होतो. मी तो नियम म्हणून घेत नाही. चौकट दहा हजार वर्षांची असेल तर ५०० विरळ पडतात, हजार वर्षांची असेल तर कमीवरही काही प्रश्न विचारता येतात.

कॅलिब्रेशन: सर्वांत जास्त वेळ इथे द्या

रेडिओकार्बन वर्षांचं कॅलेंडर वर्षांत रूपांतर करायला प्रमाण वक्र लागतो. झाडांची वलयं, सरोवरांतले गाळाचे थर, गुहांमधले चुनखडीचे स्तंभ आणि प्रवाळ यांवरून तो बांधलेला असतो. उत्तर गोलार्धासाठी सध्या ‘इंटकॅल२०’, दक्षिणेसाठी ‘एसएचकॅल२०’, समुद्रासाठी ‘मरीन२०’. उत्तरेचा वक्र ५५,००० वर्षांपर्यंत जातो. चुकीच्या गोलार्धाचा वक्र लावू नका. सॉफ्टवेअर तक्रार करणार नाही, निमूटपणे चुकीचं उत्तर देईल.

आता दोन तारखा शेजारी ठेवून बघा. पहिली २६०० ± ३०. कॅलिब्रेट केल्यावर तिची जवळजवळ सगळी संभाव्यता इ.स.पू. ८२० ते ७६५ च्या आसपास, पन्नास-साठ वर्षांत गोळा होते. दुसरी २४५० ± ३०. अनिश्चितता तेवढीच, प्रयोगशाळेची काळजी तेवढीच. पण ही पसरते इ.स.पू. ७५० च्या सुमारापासून थेट ४१० पर्यंत. कारण त्या काळात प्रमाण वक्र सपाट झाला आहे. साडेतीनशे-चारशे वर्षांतले नमुने जवळपास एकच रेडिओकार्बन वय दाखवतात. पुरातत्त्वात याला ‘हॉलस्टॅट पठार’ म्हणतात. त्याच्या अलीकडे-पलीकडे वक्र कड्यासारखा उतरतो.

प्रत्येक तारखेचं क्षेत्रफळ १ धरून बेरीज केली तर काय होईल? पहिली तारीख उंच, बारीक सुळका होईल. दुसरी बसकी, रुंद फळी. अशा शेकडो तारखा एकमेकींवर रचल्या की इ.स.पू. ८०० च्या आसपास शिखर उभं राहतं आणि त्यानंतर सपाटी येते, माणसं तेवढीच राहिली तरी. मी हे नुसतं सांगून तुम्हाला पटणार नाही, म्हणून स्वतः करून बघा: इ.स.पू. १५०० ते इ.स.पू. १ या काळात एकसारख्या विखुरलेल्या ५०० खोट्या तारखा संगणकाकडून बनवून घ्या. त्यांची रेडिओकार्बन वयं काढा, प्रत्येकीला ± ३० लावा, परत कॅलिब्रेट करा आणि बेरीज मांडा. उत्तर तुम्हाला आधीच ठाऊक आहे: सरळ आडवी रेघ. पडद्यावर येईल तो डोंगराळ मुलूख. हा आलेख छापून भिंतीवर लावा; खऱ्या माहितीतलं प्रत्येक शिखर आधी त्याच्याशी ताडून पाहायचं.

यावर एक उतारा आहे. कॅलिब्रेट करताना प्रत्येक तारखेचं क्षेत्रफळ जबरदस्तीने १ करायचं नाही. त्याने हे कृत्रिम सुळके बरेच बोथट होतात. किंमत अशी की मग प्रत्येक तारखेचं वजन सारखं राहत नाही. आकारासाठी मी हाच पर्याय वापरतो, पण दोन्ही करून बघतो. एकात दिसणारं आणि दुसऱ्यात गायब होणारं शिखर लिखाणात घेत नाही.

एका श्रीमंत स्थळाला सगळा आलेख खाऊ देऊ नका

एका स्थळावर मोठा निधी आला, चाळीस तारखा झाल्या. शेजारच्या वाडीत एक हौशी खड्डा खणला गेला, तारीख एकच. कच्च्या बेरजेत पहिलं स्थळ चाळीसपट माणसांचं ठरतं.

म्हणून एकाच स्थळावरच्या, वयाने एकमेकींजवळच्या तारखा एका गठ्ठ्यात बांधतात, गठ्ठ्याची सरासरी काढतात आणि बेरजेत गठ्ठा एकदाच धरतात. जवळ म्हणजे किती? ५०, १००, २०० वर्षं, असं काहीही ठरवता येतं. एकच आकडा निवडून पुढे जाऊ नका. तिन्ही लावून आलेख किती हलतो ते बघा. फार हलत असेल तर तुमची माहिती दोन-तीन स्थळांच्या खांद्यावर उभी आहे, आणि हे लवकर कळलेलं बरं.

बेरीज

ही पायरी छोटी आहे. ऑक्सफर्डच्या क्रिस्टोफर ब्रॉन्क रॅम्झी यांचं ‘ऑक्सकॅल’ एकेका स्थळाच्या कामाला उत्तम. हजारो तारखांसाठी मात्र ‘आर’ ही संगणकभाषा आणि तिच्यातलं ‘आरकार्बन’ हे पॅकेज घ्या. एन्रिको क्रेमा आणि अँड्र्यू बेव्हन यांनी ते याच कामासाठी बांधलं आहे. युरोइव्हॉलच्या चौदा हजारांवर तारखा पॅकेजमध्येच येतात, म्हणून वर सुरुवात त्यांच्यापासून करा म्हटलं. डेन्मार्कच्या तेवढ्या तारखा वेगळ्या काढून सराव करा. क्रम असा: ‘कॅलिब्रेट’ने तारखा बदलायच्या, ‘बिनप्रेप’ने गठ्ठे बांधायचे, ‘एसपीडी’ने ८००० ते ४००० वर्षांपूर्वीच्या चौकटीत बेरीज काढायची.

आलेखावर ५० ते २०० वर्षांची फिरती सरासरी लावतात. मोठी लावली तर खरे चढउतारही पुसले जातात, छोटी लावली तर वक्राच्या सुरकुत्या दिसत राहतात. मी लावलेली आणि न लावलेली रेघ एकाच आलेखावर दाखवतो.

आलेखाला उलटतपासणी

डोळ्यांना शिखरं आणि दऱ्या दिसतातच; ढगांतही हत्ती दिसतो. २०१३ मध्ये स्टीफन शेनन आणि सहकाऱ्यांनी युरोपातल्या पहिल्या शेतकऱ्यांवर जे काम प्रसिद्ध केलं, त्याने या क्षेत्राला चाचणीची सवय लावली. शेती आली की लोकसंख्या संथ, सरळ वाढत गेली असा समज होता. मध्य आणि वायव्य युरोपात ८००० ते ४००० वर्षांपूर्वीच्या काळात त्यांना भरभराट आणि मग कोसळणं असा आकार मिळाला, आणि हवामानाशी त्याचा संबंध सापडला नाही. महत्त्वाचं म्हणजे, हा आकार योगायोगाने येऊ शकतो का, हे त्यांनी तपासून दाखवलं.

तपासणीची पद्धत अशी. आधी एक साधी गोष्ट गृहीत धरायची, समजा लोकसंख्या एकाच दराने वाढत गेली. तुमच्या तारखांवर तसा वक्र बसवायचा. त्या वक्रातून तुमच्याकडे आहेत तेवढ्याच तारखा यदृच्छया उचलायच्या, त्यांना रेडिओकार्बन वयांत नेऊन तुमच्याच तारखांसारखी अनिश्चितता लावायची, परत कॅलिब्रेट करून बेरीज काढायची. हे हजार वेळा. या हजार आलेखांपैकी मधले ९५ टक्के मिळून एक पट्टा तयार होतो. कॅलिब्रेशनच्या सुरकुत्या त्या पट्ट्यातही असतात, हेच या पद्धतीचं सौंदर्य. तुमची रेघ पट्ट्याबाहेर गेली, तिथेच काही बोलण्यासारखं आहे. आरकार्बनमध्ये हे ‘मॉडेलटेस्ट’ करतं.

इथे दोन खड्डे आहेत. पट्टा ९५ टक्क्यांचा, म्हणजे काहीही घडलेलं नसतानाही रेघ थोड्या ठिकाणी बाहेर पडणारच. म्हणून आधी संपूर्ण आलेखासाठीचं एकत्रित पी-मूल्य बघा, म्हणजे गृहीतक खरं असतानाही एवढा फरक योगायोगाने येण्याची शक्यता. ते मोठं असेल तर सुट्या शिखरांना अर्थ लावत बसू नका. दुसरं, चाचणीने ‘एकाच दराने वाढ’ हे गृहीतक फेटाळलं तर तेवढंच फेटाळलं गेलं. दुष्काळ, रोगराई, स्थलांतर यांतलं काहीही सिद्ध झालेलं नसतं. तारखा पुष्कळ असल्या की एवढं साधं गृहीतक बहुधा फेटाळलं जातंच.

दोन प्रदेशांची तुलना करायची तर अदलाबदलीची चाचणी वापरा. गठ्ठ्यांवरची प्रदेशांची चिठ्ठी हजार वेळा पिसायची आणि खरा फरक या पिसलेल्या फरकांपेक्षा मोठा आहे का ते बघायचं. पूर्व जपानमधल्या जोमोन या प्रागैतिहासिक काळातले वेगवेगळे प्रदेश वेगवेगळ्या वेळी भरले आणि ओसरले, हे २०१६ मध्ये असंच दाखवलं गेलं. मला ही चाचणी जास्त आवडते, कारण कॅलिब्रेशनचा वक्र दोन्ही प्रदेशांना सारखाच छळतो. टिकण्यातला आणि शोधण्यातला फरक मात्र प्रदेशागणिक वेगळा असू शकतो.

जमीन काय गिळते

जितकं जुनं तितकं नष्ट व्हायला जास्त वेळ मिळालेला. त्यामुळे काहीच न घडता आलेख अलीकडे येताना चढत जातो. टॉड सुरोव्हेल आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये यावर दुरुस्ती सुचवली: ज्वालामुखींच्या जमिनीवरच्या थरांच्या तारखा एकीकडे, ग्रीनलंडच्या बर्फात नोंदले गेलेले उद्रेक दुसरीकडे. बर्फातली नोंद तशी झिजत नाही, म्हणून दोन्हींच्या गुणोत्तरावरून जमिनीवरचं किती नष्ट झालं ते निघतं. त्यांच्या सूत्रात आकडे घालून पाहिलं, तर ५,००० वर्षांपूर्वीचं जितकं टिकलं त्याच्या साधारण निम्मंच १०,००० वर्षांपूर्वीचं टिकतं.

ही दुरुस्ती डोळे झाकून लावू नका. ती उघड्यावरच्या थरांसाठी आहे. गुहेतला थर तसा झिजत नाही. समुद्राची पातळी चढून बुडालेल्या किनाऱ्यांना ती परत आणू शकत नाही. आम्लधर्मी मातीत हाडातलं कोलॅजन (ज्यावरून तारीख काढतात ते प्रथिन) टिकत नाही, तिथे हाडांच्या तारखा मुळात येतच नाहीत. जळक्या हाडांच्या तारखा तर अगदी अलीकडच्या दशकांत भरवशाने निघू लागल्या, त्यामुळे दहन करणारे समाज जुन्या संचांत हक्काच्या जागेपेक्षा कमी दिसतात.

शोधणाऱ्यांचा कलही असाच तपासायचा. शेतीचा उगम हा विषय लाडका, त्या शतकांवर तारखांचा पाऊस. महामार्ग आणि पाइपलाइनच्या कामाआधी झालेली उत्खननं एका रेषेतला पट्टा उजेडात आणतात आणि शेजारचा डोंगर कोरा राहतो. तारखा नकाशावर टाका, त्यावर रस्ते टाका. पाच मिनिटांचं काम आहे आणि कधी कधी सगळा निष्कर्ष तिथेच गळून पडतो.

किती बारीक वाचायचं

२०१४ मध्ये डॅनियल कॉन्ट्रेरास आणि जॉन मेडोज यांनी पद्धतीची परीक्षा घेतली. चौदाव्या शतकातली युरोपातली प्लेगची साथ घ्या: लोकसंख्या किती खाली गेली हे इतर नोंदींवरून ठाऊक आहे. त्या ज्ञात वक्रातून त्यांनी कृत्रिम तारखा बनवल्या आणि बेरजेच्या आलेखात ती पडझड ओळखू येते का ते पाहिलं. एवढी मोठी घटनाही खात्रीने ओळखता येईना. तेव्हा पन्नास-शंभर वर्षांच्या खळग्यावर सिद्धांत उभारू नका. दोनशे वर्षांहून अरुंद काहीही मी मुळात वाचतच नाही.

या पद्धतीची खरी ताकद लांब पल्ल्यात आहे. अमेरिकेतल्या वायोमिंग आणि कोलोरॅडो इथल्या तारखांवरून २०१६ मध्ये शिकारी-संकलक समाजांचा दीर्घकालीन वाढीचा दर वर्षाला ०.०४ टक्के निघाला. या दराने लोकसंख्या दुप्पट व्हायला सतराशेहून जास्त वर्षं लागतात. त्या सतराशे वर्षांत उपासमारीची दशकं आली असतील, भरभराटीचीही. सरासरीत ती विरून जातात. एवढ्या संथ चालीचा अंदाज करायला ही पद्धत चांगली आहे. कोणत्या पिढीत काय झालं, ते तिला विचारू नका.

माणसं आणि कोळसा यांचं नातंही सरळ नाही. दहा माणसांच्या घराला पाच माणसांच्या घरापेक्षा दुप्पट सरपण लागत नाही. सतत हलणारा गट वर्षभरात वीस ठिकाणी चुली मांडतो, एका जागी स्थिरावलेला गट एकाच ठिकाणी. म्हणून समाज फिरस्ता होता तिथून स्थिर झाला, नेमकं त्याच वळणावर आलेखाचा अर्थ बदलतो.

दुसरे साक्षीदार बोलवा

एकट्या आलेखावर विसंबू नका. घरांची संख्या, वस्त्यांची संख्या आणि क्षेत्र, सरोवरातल्या परागकणांवरून जंगल कधी तुटलं, दफनांमध्ये पाच ते एकोणीस वयाच्या सांगाड्यांचं प्रमाण (जन्मदर वाढला की ते वाढतं), प्राचीन डीएनए. प्रत्येकाची गळती वेगळ्या जागी आहे, म्हणून तीन साक्षीदार एकच गोष्ट सांगत असतील तर तिला वजन येतं.

या पायऱ्या हातात बसल्या की मग बेरजेच्या पलीकडे जा. अलीकडे तारखांवर वाढीचं प्रतिमान (मॉडेल) थेट बेझियन पद्धतीने, म्हणजे संभाव्यतेच्या हिशेबाने, बसवतात आणि वाढीचा दर त्याच्या अनिश्चिततेसकट काढतात. त्यासाठी ‘निंबलकार्बन’सारखी पॅकेजेस आहेत. बेरजेचा आलेख हा प्रत्यक्षात दोन गोष्टींची खिचडी आहे, तारखा किती आणि त्या किती अनिश्चित. नव्या पद्धती या दोन गोष्टी वेगळ्या करतात. पण सुरुवात तिथून करू नका, काय चुकतंय ते कळणार नाही.

लिहिताना

आलेखाच्या उभ्या अक्षावर ‘लोकसंख्या’ असं लिहू नका. ‘बेरीज केलेली संभाव्यता’ लिहा. कोणता प्रमाण वक्र वापरला, क्षेत्रफळ १ केलं की नाही, गठ्ठ्यासाठी किती वर्षं धरली, सरासरी किती वर्षांची, चाचणीसाठी खोट्या तारखांचे आलेख किती वेळा काढले, हे मजकुरातच द्या, परिशिष्टात पुरून ठेवू नका. किती स्थळं आणि किती गठ्ठे हे दोन्ही आकडे द्या, कारण नुसता तारखांचा आकडा भपकेदार दिसतो. संगणकाचा कोड आणि पूर्ण तक्ता जोडा. आणि चाळणीत काढून टाकलेल्या तारखांचा वेगळा तक्ता, प्रत्येकीसमोर काढण्याचं कारण लिहून. तुमचं काम तपासायला येणारा माणूस आधी तोच तक्ता उघडतो.